लाल चौकटीची झेरॉक्स

कम्युनिटीतल्या मास्तर मंडळींनो, लॅबमधून येऊन थेट लिहायला बसलेय. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

शिरूरच्या आमच्या कॉलेजात टेक्निकल रायटिंगसाठी नेटवरचं एक इंग्रजी पुस्तक लावायचं चाललंय. मोफत आहे, शिवाय कुणीही त्यात बदल करून छापावं अशी मुभा आहे. तपासायचं काम माझ्याकडे. स्क्रीनवर वाचलं, फार आवडलं. पण मुलांकडे कुठलं नेट? म्हणून प्रिंट काढून झेरॉक्स वाटल्या.

आज लॅबमध्ये परीक्षा पुस्तकाची होती. त्यात नमुना म्हणून दिलेल्या सूचना वाचून वर्गातल्या वरवंडच्या संतोषनं फ्यूज बदलायचा. मी बजावलं, "स्वतःचं डोकं लावायचं नाही. लिहिलंय तेवढंच करायचं."

त्यानं बोर्डाचं झाकण उघडलं, हात आत नेला, आणि मला इंडिकेटरचा दिवा लागलेला दिसला. मेन स्विच चालूच!

"संतोष, हात मागं घे!" मी अशी किंचाळले की शेजारचा वर्ग धावत आला.

पोरगा पांढराफटक. "मॅडम, मेन बंद करा असं ह्यात कुठंच न्हाई."

मी कागद हिसकावला. स्क्रीनवर तिथं लाल रंगानं भरलेल्या चौकटीत मेन बंद करायचा इशारा होता. झेरॉक्समध्ये ती चौकट काळीठिक्कर, आत एक अक्षर दिसेना.

"अरे, पण तुला एवढं माहीत नाही?"

"म्हाईत हाय की. तुमीच म्हणला, डोकं लावायचं न्हाई."

चौकट मी बदलणारच आहे. पण उद्या प्राचार्य साहेब विचारतील, पुस्तक कसं आहे? माझ्या स्क्रीनवर उत्तम आहे.

खरं सांगा, तुम्ही पुस्तक तपासता तेव्हा कुठली प्रत तपासता? तुमची, की पोरांची?