दोन तोडणींची पानं

मंजूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका व्यापाऱ्याशी आवळ्याच्या भावावरून भांडत होतो. जिजाजींचा नंबर दिसला, मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तीन वर्षांत त्या घरातून एक फोन नाही, मग आजच कशाला, हा राग. सौदा माझ्या भावात पटला आणि मग मेसेज वाचला. कॉलेजच्या जिन्यात छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... तो आवळा अजून गोदामात पडून आहे. माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवत नाही.

ताई माझी आतेबहीण. आमच्या घराण्यात दरबारच्या चाकरीपासून बँकेपर्यंत सगळे पगारदार. मी एकटा मल्हारगंजात दुसऱ्याच्या दुकानात पोती झाडत जडीबुटीचा धंदा शिकलो. लोक हसले, "पुड्या बांधणार का आता?" ताई हसली नाही. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. विजय नगरहून स्कूटरवर यायची, कालमेघाच्या, म्हणजे आपल्या कडू भुईनिंबाच्या पोत्यात हात घालायची, एक पान चुरडून जिभेवर ठेवायची आणि तोंड वाकडं करून मान हलवायची. मान हलली की माल पास. अकरा वर्षं तिच्या प्रयोगशाळेत माझीच पानं गेली.

त्या पानांच्या अर्कात ती चांदीचे कण बनवायची, डोळ्यांना कधीच न दिसणारे. पिवळसर पाणी तपकिरी झालं की कण झाले. मग ते बुरशीवर सोडायचे, मधुमेहाच्या माणसाच्या जखमेवर बसते त्या बुरशीवर. मी एकदा म्हटलं, "ताई, बुरशी मारायला इतकी झंझट? फिनाइल टाक ना."

"फिनाइलनं पेशी फुटते रे विन्या. आतलं सगळं जखमेवर सांडतं, सूज वाढते. पण पेशीत मरायची एक रीत आधीपासून असते. कण आणि तुझ्या पानातला कडूपणा मिळून ती जागी करतात. आतून निरोप येतो, आवर आता. मग ती आक्रसते, आपलं आपण मोडून घेते आणि गुपचूप जाते."

"मरणाऱ्याला क्या फरक पडता है?"

"मरणाऱ्याला नाही पडत. शेजाऱ्याला पडतो."

मी हसलो होतो. चहा मागवला होता.

मग एका वर्षी तिचा प्रयोग बिघडला. निम्म्या पेशी नीट आवरून जात, निम्म्या फुटत. तिनं चांदी बदलली, फ्रीज बदलला, हातमोजे बदलले. विद्यार्थ्यांवर ओरडली, मग त्यांची माफी मागितली. आठ महिने असे गेले. मग एक दिवस दुकानात आली, भर गिऱ्हाइकीत, आणि हळूच म्हणाली, "विन्या, हा माल एकाच तोडणीचा आहे ना?"

आता लिहितो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माल एकाच तोडणीचा नव्हता. त्या वर्षी पीक कमी होतं, मी मागच्या वर्षीचा माल नव्यात मिसळला होता. आमच्या धंद्यात याला कुणी पाप मानत नाही. काढ्याला चालतं, चूर्णाला चालतं. कडू ते कडूच. पण तिला मी हे म्हटलं नाही. मी ओरडलो. "अकरा साल माल दिला आणि आता चार लोकांसमोर चोर ठरवतेस? जा, दुसरी दुकान बघ."

ती गेली. खरंच दुसरी दुकान बघितली.

पुढे तिचा शोधनिबंध छापून आला. भाच्यानं मोबाइलवर दाखवला. शेवटी आभार होते, अगदी चौकीदाराचेसुद्धा. माझं नाव नव्हतं. तेव्हापासून ते मला सलत राहिलं. लग्नाकार्यात समोर आली की मी पाण्याच्या बहाण्यानं उठायचो. एकदा आमच्या इथल्या लालबागच्या जत्रेत तिनं लांबून हात केला... मी मोबाइल काढून कानाला लावला. फोन कुणाचाच नव्हता.

तेराव्यानंतर जिजाजींनी बोलावलं. टेबलावर बिस्किटांचा जुना डबा ठेवला होता. "हा तुझा दिसतो, बघ."

आत दोन पुड्या होत्या. एकीत हिरवट पानं, एकीत करडी पडलेली. माझ्याच पोत्यातला मूठभर माल तिनं पान पान निवडून वेगळा केला होता. वर तिच्या अक्षरात चिठ्ठ्या: 'विन्या, नवी' आणि 'विन्या, जुनी'. खाली तारीख. दुकानातल्या भांडणाच्या दोन दिवस आधीची.

म्हणजे आली तेव्हा तिला ठाऊक होतं. तरी विचारलं.

मी जिजाजींवरच चिडलो. "ठाऊक होतं तर तोंडावर बोलायचं ना. आणि नाव का नाही घातलं? चौकीदाराचं घातलं."

जिजाजींनी कपाटातून निबंध काढला, पेन्सिलीनं खूण केलेली ओळ दाखवली आणि मराठीत सांगितली: आधीच्या फेरीत बाजारातून आणलेल्या पानांत दोन वर्षांची तोडणी मिसळलेली आढळली, म्हणून ते निष्कर्ष रद्द केले. "कुणाकडून आणली ते लिहा, असं कॉलेजात सांगत होते. ती अडून बसली. मला म्हणाली, त्याचं नाव घालायचं तर आधी या ओळीत घालावं लागेल."

मी डबा उचलला आणि चहा न घेता निघालो.

राग अजून आहे, खोटं कशाला बोलू. तिनं एकदा शिवी दिली असती तर मीही उलटून दिली असती आणि संध्याकाळी कचोरी घेऊन तिच्या घरी गेलो असतो. आम्ही असेच होतो. आता ती गेली आणि सूज माझ्याकडे राहिली.

डबा दुकानात माझ्या गादीशेजारी ठेवला आहे. दुकान उघडलं की दोन्ही पुड्यांतलं एकेक पान चुरडून जिभेवर ठेवतो, ती ठेवायची तसं. कडू ते कडूच, असं मी उभ्या बाजाराला सांगत आलो. फरक लागतो. त्या दिवशीही लागला असता. चाखायची गरजच नव्हती, मिसळली मीच होती.