बनुबाईनं पाहिलेला जर्मनी

अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या त्या वाडीतून विमानात बसलेली पहिली बाई म्हणजे बनुबाई. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीनं तिच्या एकुलत्या एका मुलाला, अमृतला, जर्मनीला धाडलं, आणि काही वर्षांनी त्यानं आईला टुरिस्ट म्हणून तीन महिने बोलावून घेतलं. ती परत आली त्या दिवशी तिच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बायकांना कौतुक ऐकायचं होतं. पण बनुबाईच्या जिभेला कौतुकाची सवय कधी नव्हतीच.

"रस्ते लई चांगले. खाली वाढावं न् जेवावं असे. पन त्यावर मानूस दिसंल तर शपथ!" ती म्हणाली. "कुत्र्याशी बोलत्यात, शेजाऱ्याशी न्हाई. सांजच्याला थंड पाव खात्यात, दात पडायची पाळी. आन् आयतवारी तर दुकानंबी बंद, समदं सामसूम. मला वाटलं, दंगल झाली का काय!"

बायका हसल्या. बनुबाईही हसली. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचं मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही.

अमृतच्या घराखाली एक नवरा-बायको राहायचे, दोघंही थकलेले. एका सकाळी काळी गाडी आली आणि म्हातारीला घेऊन गेली. ना रडणं, ना ओरडणं. बनुबाईला चैन पडेना. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी घेऊन जातात, त्याला कडू घास म्हणतात. इथं तर कुणी फिरकलंच नाही. सून मोनिका अंघोळीला गेलेली बघून हिनं तांदळाच्या भाकरी थापल्या, पिठलं ढवळलं आणि ताट घेऊन जिना उतरली. म्हाताऱ्यानं दार उघडलं, तशी त्याचा हात धरून तिनं गळाच काढला. म्हातारा खांबासारखा उभा. मोनिका ओल्या केसांनी धावत खाली आली, तिनं त्याची पुन्हापुन्हा माफी मागितली आणि "आई, आधी वर चला तुम्ही," म्हणत सासूला जवळजवळ ओढत नेलं.

संध्याकाळी अमृत कामावरून आला. तो रागावला नाही. रागावणं त्याच्या बापालाही कधी जमलं नव्हतं.

"आई, इथं न विचारता कुणाच्या दारात जात नाहीत."

"आरं, बाईल गेली त्याची! पोरंबाळं कुठंयत?"

"मुलगा आहे, लांब असतो. सुट्टी मिळाली की येईल. अंत्यविधी पुढच्या महिन्यात ठेवलाय, सगळ्यांच्या सोयीनं."

"आन् तवर?"

"तोवर तिला थंड खोलीत ठेवतात."

एवढे समुद्र ओलांडून बनुबाई एकच गोष्ट विचारायला आली होती, आणि रोज उद्यावर ढकलत होती. ती आता तोंडातून निघाली.

"मी गेल्याव तू येशील का रं?"

"काय भलतंसलतं बोलतेस, आई!"

"खरं सांग."

अमृतनं खरं सांगितलं. दुसऱ्या एखाद्यानं थाप मारली असती, तर म्हातारीची झोप तरी शाबूत राहिली असती. "तिकीट मिळून घरी पोचायला दोन दिवस जातील, आई. वाडीत तेवढं कोण थांबतंय? आणि आम्ही आता इथंच राहायचं ठरवलंय. मी व्हिडिओ कॉलवर असेन ना."

बनुबाईनं मान हलवली. त्यानंतर परत निघेपर्यंत तिनं हा विषय काढला नाही.

वाडीतल्या ओट्यावरच्या बायका पांगल्या तशी ती तडक बजरंगच्या घरी गेली. बजरंग तिच्या दिराचा मुलगा. बांधाच्या भांडणावरून दोन्ही घरांचं बोलणं कधीचंच बंद होतं. तो जेवायला बसला होता. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"बजरंगा, माझ्या मयताला आग तू द्यायची."

"आन् अमृत?"

"त्यो मोबाईलवर बघंल."

बजरंगनं हातातला घास ताटात ठेवला. तो हाकलून देईल, बांधाचं उकरून काढील, या सगळ्याची तिची तयारी होती. आणि आत कुठेतरी एक वेडी आशाही होती, की तो खेकसून म्हणेल, काकू, येडी का खुळी तू, पोटचा पोरगा यायचा न्हाई व्हय?

बजरंग खाली बघत राहिला.

"बरं," तो म्हणाला.