कोकम नव्हतं ते

बायकोचं वर्षश्राद्ध होतं, ब्रॅम्पटनला मुलाच्या घरी. गुरुजी विधी उरकून गेले आणि सुनेनं तिच्या नावाचं पान वाढलं. वडे, खीर, भात, अळूची भाजी. आमच्यात मटण चालतं, म्हणून तांबडा रस्सा आणि सुकंही होतं. शेवटी सुनेनं पानाशेजारी स्टीलच्या पेल्यात कोकम सरबत ठेवलं.

"आईंना फार आवडायचं," म्हणाली.

बायकोला कोकम आवडत नव्हतं. पित्त झालं तरी घ्यायची नाही. हे खोटं माझं होतं.

ती इथं एका स्पॅनिश हॉटेलात भाज्या चिरायच्या कामाला होती. मालकिणीनं एकदा तिला लाल वाइनची बाटली दिली, घरी जेवणाबरोबर घे म्हणून. शनिवारी मुलगा-सून नातीला पोहायला न्यायचे. तेवढ्यात आम्ही बेसमेंटमध्ये बसलो. बूच निघेना, शेवटी पळीच्या दांड्यानं आत ढकललं. फ्रिजमध्ये गार केलेली, हिरडा चावल्यासारखी लागली. वर तिखट रस्सा खाल्ला, तर तोंडाला आगच लागली.

"ओतून दे," मी म्हटलं.

"थांबा हो. मालकिणीला विचारते."

विचारून आली. फ्रिजमध्ये ठेवायची नाही. दोन-तीन जातींची द्राक्षं मिसळून ही करतात. मी चौथी शिकलेला, मला काय कळणार. तिनंच समजावलं, "भाजणीसारखं आहे. एका द्राक्षानं गोडसरपणा येतो, दुसऱ्यानं तुरटपणा." पहिल्याचं नाव गार्नाचा, दुसऱ्याचं मी विसरलो. वाइन जबर, म्हणून समोर जेवणही दणकट लागतं, पण जहाल तिखट नको. मग तिनं मिरची कमी केली, खोबरं काळपट होईतो भाजलं आणि मटण सुकं केलं. ते जमलं. मेंढीच्या दुधाचं कडक चीज भाकरीबरोबर, तेही जमलं. मासा एकदा केला. तोंडात खिळा चघळल्यासारखं झालं, परत केला नाही.

पुढं मालकीण अधूनमधून बाटली द्यायची. एका शनिवारी सून लवकर परतली आणि खाली आली. पेले बघून विचारलं, काय पिताय? मी म्हटलं, "कोकम." सून म्हणाली छान, उन्हाळ्यात बरं असतं. बाहेर बर्फ पडत होता.

आणि आता ते पानावर.

मी खाली जाऊन तांदळाच्या पोत्यामागं लपवलेली तिची शेवटची, न उघडलेली बाटली आणली. पानासमोर उभा राहून सगळं सांगितलं. मुलाचा चेहरा पडला.

"बाबा, मी पितो ते तिला माहीत होतं. मी आणून दिली असती."

"तू आणली असतीस. ती तुझ्यासमोर प्यायली नसती."

"आणि तुमच्यासमोर?"

"माझ्याबरोबर. समोर नाही."

मी सुनेला म्हटलं, "वर्षभर सगळे सांगतात, आई देवमाणूस होती. होती. पण वाइन प्यायची, हसायची, मला शिव्या द्यायची. पान तिचं आहे तर तिच्या आवडीचं ठेव. नाहीतर ठेवू नकोस."

सुनेनं कोकमाचा पेला उचलून बाजूला ठेवला. दुसरा आणला, मी ओतली. तांबड्या रश्श्याची वाटी मीच काढली आणि सुकं जास्त वाढलं.

"मला का नाही बोलावलंत कधी?" सून म्हणाली. डोळे पुसत होती.

"तुला राग येईल असं वाटलं. विचारलं नाही, चूक झाली."

पान बाहेर ठेवून आलो आणि जेवायला बसलो. मुलानं तिघांना थोडी थोडी ओतली. सुनेनं एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"आधी घास खा," मी म्हटलं, "मग पी."