स्वीडनला न गेलेली ढोलकी

स्वीडनमधल्या त्या पोराला मी प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. पण तो कसा चढत गेला ते नारायणगावात बसून सगळं बघितलं, आणि बघून जळलो. खोटं कशाला बोलू?

दोन हजार चार-पाचची गोष्ट. वरातीत वाजवायची गाणी मी माझ्या छोट्या दुकानात कॉम्प्युटरवर रिमिक्स करायचो. तोही तेच सॉफ्टवेअर वापरायचा. त्याचं विकतचं, माझं पुण्याहून आणलेल्या चोरीच्या सीडीवरचं. नेट कॅफेत एका फोरमवर आमची गाठ पडली. तिथं जगभरची पोरं आपापले तुकडे टाकायची आणि एकमेकांच्या चुका काढायची. तेव्हा तो कोणीच नव्हता. आईबापाच्या घरात तळघरात बसून ठोके जुळवायचा आणि मला लिहायचा, तुझा बेस फार फुगलाय. खरंच फुगलेला असायचा.

माझे मामा, आईचे धाकटे भाऊ, तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचे. फड सोडून ते पेठ गावी घरी बसले होते. एका दुपारी मी त्यांना माझ्या दुकानात माइकसमोर बसवलं. बारा मिनिटं वाजवलं त्यांनी, डोळे मिटून. मग घाम पुसत म्हणाले, "फड सुटल्यापास्नं आज हात मोकळा झाला बघ."

आता आमच्या धंद्याची रीत. दर दहा सेकंदांनी गाण्यावर आपलं आणि गावाचं नाव ओरडून टाकायचं, चांगलं घुमवून. नाहीतर शेजारच्या मंचरचा कुणी डीजेवाला दुसऱ्या दिवशी तेच गाणं आपलं म्हणून वाजवणार! मामांच्या ढोलकीवरही मी माझं नाव ठासून भरलं आणि ते फोरमवर टाकलं.

स्वीडनवाल्यानं लगेच लिहिलं. हा माणूस कोण आहे? मधला आवाज काढून नुसती ढोलकी पाठव, मी गाण्यात घेतो, त्यांचं नाव छापतो.

मी मामांना सांगितलं. ते लहान पोरागत हसले. "दे की मग! वाजवलेलं काय झिजतंय व्हय?"

"मामा, तुमाला न्हाई कळायचं. चोर हाय तो."

आम्ही काय दुधखुळे होतो? नाव काढून मागतोय म्हणजे ढापणारच. मी उत्तरच दिलं नाही. वर दुकानातून कुणी उचलू नये म्हणून माझं नाव न घातलेलं कोरं रेकॉर्डिंग पुसूनही टाकलं. केवढा शहाणा मी!

त्याची पहिली सीडी आली. मग तो रेडिओवर वाजायला लागला, मग मोठमोठ्या मैदानांत. दुसऱ्या सीडीत कुणा तुर्की म्हाताऱ्याचा डफ होता. कव्हरवर दोघांची नावं सारख्याच अक्षरांत छापलेली. एका फोटोत तो म्हातारा त्याच्या शेजारी स्टेजवर उभा होता, समोर हजारो पोरं हात वर करून. नेट कॅफेतल्या त्या खुर्चीवरून मला उठवेना. ती जागा माझ्या मामांची होती आणि ती मी घालवली. मामांना हे सांगायची माझी छाती झाली नाही.

दोन वर्षांनी त्यांना लकवा मारला आणि उजवा हात गेला. भेटायला गेलो तर म्हणाले, "माझी ती ढोलकी लाव की रं. लई दिस झालं ऐकून."

माझ्याकडे होतं तेच लावलं. मामांनी डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं चादरीवर चालायला लागली. तेवढ्यात माझं नाव घुमलं आणि बोटं थांबली. परत ठेका धरला, परत मी ओरडलो. असं चार-पाच वेळा झालं.

शेवटी डोळे न उघडताच ते काकुळतीनं म्हणाले, "भाच्या, जरा गप बस की. ऐकू दे मला."

मी त्यांच्या उशाशी तोंड मिटूनच बसलो होतो.