मुदत
सोनचाफ्याचा वास आला की दिंडोशीतल्या आमच्या कॉलेजचं ते छोटं सभागृह आठवतं. आम्हा प्राध्यापकांना कायद्याची माहिती द्यायला एक वकीलबाई आल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी टेबलावर चाफ्याची फुलं ठेवली होती. कामाच्या ठिकाणी कोणी अंगचटीला आलं तर तीन महिन्यांत समितीकडे तक्रार करा, फार तर आणखी तीन महिने मिळतात, असं त्या सांगत होत्या. माझ्या शेजारची मैत्रीण उठली. "मॅडम, वर्ष उलटून गेलं असेल तर?" पुढच्या रांगेतले आमचे विभागप्रमुख मागे वळले आणि तिच्याकडे बघतच राहिले. "बस ना गं," मी तिचा हात ओढत कुजबुजले. ती बसली नाही. "कोणाबद्दल विचारताय?" वकीलबाई म्हणाल्या. "माझ्याबद्दल," ती त्या वळलेल्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली. पोलिसांकडे अजून जाता येईल, हे कळल्यावर ती त्याच दुपारी गेली. सोबत मी होते. केस उभी राहिली, पण तिने शिकवणं कायमचं सोडलं. आता नव्या प्राध्यापकांना ही माहिती मीच देते. मुदतीचं वाक्य दोनदा म्हणते, आणि मग कोणाचा चेहरा उतरला ते शोधत राहते.