वळ उठू नये म्हणून

त्या दुपारचा फोन आजही आठवतो, आणि आठवला की पहिला राग स्वतःचाच येतो.

घनसावंगी तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. कापूस वेचणीचे दिवस होते. गावंच्या गावं दिवसा रिकामी असायची. फोन ठाणे अंमलदारानं घेतला. बोलणारी बाई होती, नाव तिनं सांगितलं नाही. गावाचं नाव घेऊन म्हणाली, इथं एका म्हातारीला तिची सून रोज दहा ते दोन कोंडून ठेवते, पायाला बांधते, जल्दी या. आमचा अंमलदार जुना माणूस, ऐकेल ते शब्दाला शब्द स्टेशन डायरीत उतरवायची त्याची सवय. मी ती नोंद वरवर वाचली आणि गाडी काढायला सांगितली.

निघण्याआधी ज्येष्ठ नागरिकांचं रजिस्टर पाहिलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची नावं त्यात असतात, आणि बीटचा हवालदार अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन विचारपूस करतो. या म्हातारीचं नाव त्यात नव्हतं. असणार कसं? घरात सून होती ना!

दाराला बाहेरून कडी होती. महिला हवालदारानं ती काढली. आत खाटेवर म्हातारी बसलेली, केस विंचरलेले, लुगडं स्वच्छ, हाताशी पाण्याचा तांब्या. पायाला कापडाची पट्टी, तिचं दुसरं टोक खाटेच्या पायाला. आम्हाला पाहून ती हसली. म्हणाली, "आले का? चला, मला माहेरी सोडा." माझं डोकं सणकलं.

सून अंगणवाडीत मदतनीस होती. महिला हवालदाराला म्हातारीपाशी थांबवून सुनेला ठाण्यात बोलावून घेतलं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तिनं एका शब्दानंही नाकारलं नाही. "व्हय, मीच बांधते." मी आवाज चढवला, लाज वाटत नाही का म्हणून विचारलं. ठाण्यात आणलेला माणूस रडतो, भांडतो, नाहीतर दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ही भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली. काय निगरगट्ट बाई आहे, असं मला वाटलं. अहो, ती झोपत होती! कित्येक दिवसांत तिला तेवढी निवांत जागा मिळाली नव्हती, हे कळायला मला तासभर लागला.

म्हातारीचे दोन मुलगे हयात होते. धाकटा छत्रपती संभाजीनगरला, थोरला पुण्याला. थोरल्याला फोन लावला तर तो कडाडला, "साहेब, तिला बिलकुल सोडू नका. केसच करा." तुम्ही गावी शेवटचे कधी आला होता, असं विचारलं तर म्हणाला, "सुट्टी कुठं भेटती, साहेब?" ते उत्तर मला तेव्हा खटकलं नाही. का खटकलं नाही, तेही सांगणार आहे.

गुन्हा नोंदवायला बसलो आणि त्यासाठी डायरीतली नोंद पुन्हा काढली. आता मात्र ती पूर्ण वाचली. 'पायाला जुन्या लुगड्याची पट्टी दुहेरी करून बांधते, वळ उठू नये म्हणून.' मी तिथंच थांबलो. शेजारणीनं फोन केला असता तर ती 'दोरीनं बांधते' म्हणाली असती. पट्टी दुहेरी कशासाठी, हे फक्त बांधणाऱ्या हाताला माहीत.

कागद बाजूला सारला, चहा मागवला. "बाई, फोन तुम्हीच केला ना?"

तिनं डोळे उघडले. "मंग काय करू, साहेब? मागच्या महिन्यात आत्याबाई उसात शिरल्या, माहेरी चालले म्हणून. समदं गाव हुडकून राह्यलं, दिवेलागणीला सापडल्या. वर लोक म्हणले, सुनंनंच हाकलली असंल. कामावर न्हाई गेले तर आम्ही दोघी खाणार काय? दिरांना सांगितलं, सरपंचाला सांगितलं. जो तो म्हणला, तू हायेस की."

"अहो, मग इथं येऊन मदत मागायची! स्वतःवरच आळ कशाला घेतला?"

"मदत मागितली असती तर गाडी आली असती का, साहेब?"

आली नसती. खोटं कशाला सांगू?

त्या दिवशी मी आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा नीट वाचला. आईबापाला सांभाळायची जबाबदारी त्यात मुलामुलींवर आणि सज्ञान नातवंडांवर टाकलेली आहे. सुनेचं नाव तिथं नाही. ज्यांची जबाबदारी होती त्यांतला एक मला केस करा म्हणून सांगत होता, आणि जिची नव्हती ती माझ्यापुढे आरोपी म्हणून बसली होती. गुन्हा मी नोंदवला नाही. चौकशीचा अहवाल लिहून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवला. अशा प्रकरणांचं न्यायाधिकरण त्यांच्याकडेच असतं. तिथं वकील लागत नाही. म्हातारं माणूस स्वतः अर्ज करू शकतं, त्याच्या वतीनं दुसरं कुणी करू शकतं, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेतं. हे आमच्या ठाण्यात निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं, मग त्या बाईला कुठून असणार?

नोटिसा गेल्यावर दोघे मुलगे बराबर हजर झाले. धाकट्यानं वर्षातले चार महिने आईला न्यायचं कबूल केलं. थोरल्यानं दिवसा सोबतीला गावातली एक बाई ठेवून दिली. जालन्याला सरकारी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचा आजार आहे. बांधू नका, एकटं कोंडू नका. घरात माणूस असतानाही दाराची आतली कडी हाताला लागणार नाही अशी उंच लावा, कपड्यावर फोन नंबर शिवा, अलीकडचा फोटो जवळ ठेवा. मग सुनेकडे बघून म्हणाले, "आणि तुम्ही झोपा." ती तिथंच रडायला लागली.

आता माझं सांगतो. माझी आई आमच्या गावी, धावड्याला असायची. अंथरुणाला खिळल्यावर तीन वर्षं तिचं सगळं माझ्या विधवा वहिनीनं केलं. मी फोन करायचो, "आईनं गोळ्या घेतल्या का?" तुम्ही जेवलात का, वहिनी, असं एकदाही विचारलं नाही. सुट्टी कुठं मिळते! आई गेली, वहिनी घरात एकटी उरली, आणि मी धावड्याची वाट सोडली. ही केस झाल्यावर तरी जायचं होतं, पण लाज आडवी आली.

निवृत्त झालो, मग बायको गेली. सकाळी एकच कप चहा करतो, आणि दुपारपर्यंत कुणाशी चार शब्द बोलणं होत नाही. हे फार वाईट असतं. वहिनीचे दिवस कसे गेले असतील ते तेव्हा कळलं आणि धावड्याची बस धरली.

"बसा, भाऊजी. पाणी तेवढं तुम्हीच घ्या, गुडघे उठू देत न्हाईत."

"जेवलात का, वहिनी?"

"आता विचारून राह्यलात?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात दारात बीटचा हवालदार आला. "आजी, बऱ्या का?" म्हणत त्यानं रजिस्टर उघडलं. मी ओळख सांगितली आणि जुन्या सवयीनं ते मागून घेतलं. वहिनीच्या नावापुढे लिहिलं होतं: 'नातेवाईक – एक दीर, पोलीस खात्यात. येत नाहीत.'

"हे खोडा," मी म्हणालो.

"खोडता न्हाई येत, साहेब. तुम्हाला तर माहीतच आहे. खाली नवी नोंद करावी लागती."

मग त्यानं तारीख घातली, 'दीर भेटीस आले' असं लिहिलं, आणि सही माझी घेतली.