शतपावलीचं यंत्र

घरी ट्रेडमिल घ्यायची ठरली तेव्हा मुलानं पुण्याहून मोबाइलवर चार-पाच मशीनींचे फोटो पाठवले. प्रत्येकीखाली मोटर किती ताकदीची, वजन किती पेलते, पट्टा किती लांब, चढ किती देता येतो, सगळं लिहिलेलं. मी चष्मा लावून सगळं वाचलं. मला जे हवं होतं ते एकीखालीही लिहिलेलं नव्हतं. ते दुकानात गेल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि मुलाला फोनवर सांगण्यासारखं तर मुळीच नव्हतं.

ते कळायला आधी आमची शतपावली कळायला हवी.

मी झाशीची, तिथल्या मराठी घरातली. खंडेराव गेटच्या आतल्या गल्लीत वाढले, वडील रेल्वेत होते. हे मूळचे साताऱ्याकडचे. शहराबाहेरच्या मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले, आमचं लग्न झालं, आणि आमच्याच गल्लीत आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. वडील गेल्यावर माझी आई आमच्याकडे राहायला आली, मग दोन मुलं झाली. दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं, पडदा होता. पलीकडे आई खोकली तरी अलीकडे भांडी हलायची. अशा घरात नवरा-बायकोनं बोलायचं तरी काय? त्यात हे जन्माचे मुखदुर्बळ. माझ्या आईसमोर तर अळीमिळी गुपचिळी. काहीही विचारा, मुलाची शाळा बदलायची का, बहिणीच्या लग्नाला काय द्यायचं, सगळ्याला उत्तर एकच. "बघू."

या "बघू"चा निकाल रस्त्यावर लागायचा. जेवणं झाली की हे चपला घालून दारात उभे. मी ओटा पुसून, ओले हात पदराला पुसत मागोमाग. गल्लीतून निघून मानिक चौकापर्यंत जायचं आणि परत यायचं. नाव शतपावली, पण शंभर पावलांत घरी आलोय असं कधी घडलं नाही. मी नेहमी ह्यांच्या डाव्या हाताला, कारण उजव्या बाजूनं सायकली यायच्या. चार घरं मागे पडली की ह्यांचं तोंड उघडायचं. घरी मूग गिळून बसणारा हाच तो माणूस, यावर माझ्या आईचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. "एवढं काय बोलता गं रस्त्यात?" असं ती विचारायची, आणि मी सांगायची की हवापाण्याच्या गप्पा.

खरं कारण अगदी साधं होतं. रस्त्यावर आमचं मराठी कुणालाच कळत नव्हतं. आजूबाजूला सगळी हिंदी आणि बुंदेली. उन्हाळ्यात दारापुढे खाटा टाकून लोक बसलेले असायचे. "काए भौजी, कितै जा रईं?" असं कुणी विचारलं की मी "बस, घूमने" म्हणायची आणि आम्ही पुढे. त्या खाटांच्या रांगांमधून आम्ही खुशाल घरातल्या सगळ्या गोष्टी बोलत जायचो. पगार, आजारपण, माहेर-सासर, सगळं. दुधाच्या कढईसमोर उभं राहून, त्या दूधवाल्याच्या तोंडावर, हा हल्ली पाणी जास्त घालतो यावर आमची चर्चा व्हायची आणि तो बिचारा हसून आम्हाला मलई जास्त द्यायचा. एकदा तर आम्ही चौकापासून घरापर्यंत कडकडून भांडलो. म्हणजे मी भांडले. हे भांडतानाही देवळात आल्यासारखे हळू बोलतात. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा पानवाला मला म्हणाला, की भौजी, आप दोनों कितना मीठा बतियाते हैं. मी म्हटलं, हो बाबा, गोडच आहे.

वाटेत एका बोळाच्या तोंडाशी दोन जुनी मराठी घरं होती. तेवढ्या टप्प्यात मात्र आम्ही चिडीचूप. तिथल्या काकू ओट्यावर बसलेल्या असायच्या, त्यांना नमस्कार करायचा, आणि बोळ मागे पडला की अर्धं राहिलेलं वाक्य पुढे सुरू.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, लूचे गरम वारे सुटले तेव्हा, हे याच रस्त्यावर मला म्हणाले होते की इथे माझा जीव रमत नाही, नोकरी सोडून गावी जावं असं वाटतं. झाशी सोडायची कल्पना मला तेव्हाही सोसत नव्हती. चौक आला, आम्ही वळलो, आणि परतीच्या वाटेवर हे म्हणाले, "तू इथली आहेस ना, मग राहतो." एवढंच. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. पण माझ्या मनातून तो गेलाही नाही. माणसानं उभा जन्म आपल्या गावात काढला, एक दिवस तो म्हणेलच की आता माझ्या मुलखात चल, आणि तेव्हा मला नाही म्हणता येणार नाही, हे मी धरूनच चालले होते.

वर्षं गेली. आई गेली. मुलगी दिल्लीला, मुलगा पुण्याला. आम्ही गल्लीतच थोडं मोठं घर घेतलं. आता पडदा नव्हता, ऐकायला कुणी नव्हतं, घरात वाटेल ते बोलायची मोकळीक होती. पण सवय कशी मोडणार? घरात हे पेपर वाचत आणि "बघू" म्हणत. बोलणं शतपावलीलाच.

मग ह्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं, स्टेंट बसवला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं तेव्हा मी हसले, म्हटलं, आमच्याकडे हे औषध लग्नापासून चालू आहे. नजर लागली म्हणतात ना, तसं झालं. महिन्याभरात मानिक चौकात एका ई-रिक्षाचा ह्यांना धक्का लागला. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. रिक्षावाला उतरून पाया पडला, लोकांनी उचलून बाकावर बसवलं, पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, आज ऊन फार होतं, नको. मग म्हणाले कुत्री फार झालीत. मग गुडघा. चपला दाराशी तशाच पडून राहिल्या. मी रागावले, चिडवलं, एकदा रडलेसुद्धा. काही उपयोग नाही. गच्चीवर फिरायचा प्रयोग केला, तर टाकीभोवती सारखं वळून वळून ह्यांना भोवळ यायला लागली, आणि वर माकडांचा ताप.

नेमका त्याच वेळी मुलाचा हट्ट सुरू झाला की आता दोघं पुण्यालाच या. त्याच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर घर रिकामं होत होतं. खाली बाग, फिरायला सपाट वाट, डॉक्टर दारात. दिवाळीपर्यंत सांगा म्हणाला, नाहीतर घर दुसरं कुणी घेईल. मी म्हटलं, तुझे बाबा म्हणतील तसं. बाबांना विचारलं.

"बघू."

आता या "बघू"चं करायचं काय? रस्ताच बंद झालेला. मी जेवताना विचारलं, चहा देताना विचारलं, शेवटी विचारायचंच सोडलं. खरं सांगू? मला उत्तर माहीत आहे असं वाटत होतं आणि ते ऐकायचं नव्हतं. तिकडे ह्यांचे भाऊ, गाव जवळ, कानावर सगळी मराठी. कोण नको म्हणेल? मी भाजी आणायला निघाले की प्रत्येक दुकान शेवटचं पाहिल्यासारखं पाहायची. दूधवाल्याच्या मुलानं "अम्मा, आज थकी हो?" विचारलं आणि माझे डोळे भरून आले. जीव टांगणीला लागला होता.

डॉक्टर तपासताना ओरडले. बाहेर नसेल जमत तर घरात मशीनवर चाला, पण चाला. मुलगा लगेच म्हणाला, घेऊन टाका, इकडे येताना विकू. अशी ट्रेडमिल ठरली. आणि त्याच रात्री माझ्या डोक्यात आलं की ह्यांची जीभ पायांना बांधलेली आहे. पाय चालले तर जीभही चालेल. पण हे बोलतात हळू, मशीन घरघरली तर मला ऐकू काय येणार, कपाळ?

सिव्हिल लाइन्समधल्या मोठ्या दुकानात आम्ही गेलो. ऑटोत ह्यांनी सबंध वाट पुढची दांडी घट्ट धरून ठेवली होती. मी पाहिलं आणि बाहेर बघितल्यासारखं केलं.

दुकानातला माणूस चाळिशीचा, टाय लावलेला, मोठा बोलका. त्यानं मोटरपासून सुरुवात केली. मी त्याला थांबवून विचारलं की भैया, सगळ्यात कमी आवाज कुठलीचा? त्याला वाटलं, खाली भाडेकरू राहतात. मी म्हटलं, नाही, चालता चालता आम्हाला बोलायचं असतं. तो उजळला. म्हणाला, आंटीजी, मग यात तर स्पीकर आहे, फोन जोडा, गाणी लावा, समोर टीव्ही बसवा, अंकलजींना अजिबात कंटाळा येणार नाही. मी कपाळाला हात लावला.

पहिली मशीन चालू केली तर पिठाची गिरणी बरी. हे दोन पावलं चालले आणि उतरले. दुसरी दिसायला देखणी, भाव ऐकून मी एक पाऊल मागे सरले, पण आवाज खरंच कमी. फक्त पट्टा आखूड. हे उंच, ढांगा लांब. चाल अडखळायला लागली. विक्रेता म्हणाला, सवय होऊन जाईल. मी म्हटलं, ह्यांच्या सवयी माझ्याइतक्या कुणाला माहीत नाहीत, पुढची दाखवा.

तिसरी कोपऱ्यात होती. आडदांड, आमच्या पडवीच्या मानानं नाकापेक्षा मोती जड. तिला एक लाल दोरी होती, तिचा चिमटा शर्टाला लावायचा. माणूस घसरला तर दोरी सुटते आणि मशीन जागच्या जागी थांबते. मी स्वतः तो चिमटा ह्यांच्या शर्टाला लावला. पट्टा हलला. आवाज होता, पण इतकाच, की शेजारच्या घरी पंखा चालू असावा. हे दोन्ही दांड्या धरून चालू लागले. मी सवयीनं डाव्या हाताला जाऊन उभी राहिले. दुकानात गर्दी होती, दोन तरुण वजनं उचलून बघत होते, एक बाई सायकलीचा भाव पाडत होती, विक्रेता आमच्या शेजारीच उभा.

थोडा वेळ गेला. ह्यांचा एक हात दांडीवरून सुटला आणि पूर्वीसारखा मोकळा हलायला लागला. मग हे समोर बघतच बोलले.

"मला रस्त्याची भीती वाटते गं. त्या दिवसापासून. तुला सांगणार कसं?"

मी म्हटलं, "माहीत आहे मला. पण बोलला का नाहीत इतके दिवस?"

"त्यानंतर चाललो कुठे आपण?"

मला हसू आलं आणि रडू आलं. पाय चालत होते. आता नाही विचारलं तर पुन्हा कधी विचारणार, असं वाटलं. ज्याची आजवर धास्ती घेतली होती ते मी विचारून टाकलं, की पुण्याचं काय करायचं? मी यायला तयार आहे. तुम्ही माझ्या गावात जन्म काढलात, आता मी तुमच्या मुलखात काढीन, माझी ना नाही. मी सगळं बोलले. तिथे उभ्या असलेल्या एकालाही एक शब्द कळला नाही.

हे चालत राहिले, मानिक चौकापाशी वळायच्या आधी चालायचे तसे.

"तिकडे नको," हे म्हणाले. "तिकडे रस्त्यात सगळ्यांनाच मराठी येतं. मी तुझ्याशी बोलू कुठे?"

मी पदर तोंडाला लावला. विक्रेता घाबरला. त्याला वाटलं, अंकलजींना काही त्रास होतोय. त्यानं बटणाकडे हात नेला आणि मला विचारलं, "आंटीजी, क्या हुआ? अंकलजी क्या कह रहे हैं?"

मी डोळे पुसले. "बंद मत कीजिए, भैया," मी म्हटलं. "कह रहे हैं, यही वाली चाहिए."